आठवा भाग

सातव्या भागाच्या शेवटच्या पानावर
कप्तान इंदुमती खोत रेडिओचं बटण दाबून म्हणते,
"मी ऐकते आहे."
खाली पान नंबर, दोनशे अकरा.
बस्स.
सहा महिन्यांनी मास्तर गेले.

ते वाक्य मी सोहारला वाचलं, रात्रपाळीत,
चाळीस नंबरच्या टँकखाली, हेल्मेटचा दिवा पानावर धरून.
समुद्रावरून असा दमट उकाडा येत होता
की चष्मा पुसायचं फडकंही ओलं.
वॉकीटॉकी खरखरला.
हमूद विचारत होता, लेव्हल किती?
आणि मी, देवाशप्पथ,
त्याला मराठीत म्हणालो, "ऐकतोय."

आता वीस वर्षांनी आठवा आलाय. नववा, दहावाही.
गुळगुळीत कव्हरं, जाड कागद,
तिघांनी मिळून लिहिलेले.
निशूने सामंतांच्या मुलाबरोबर पाठवले,
आमसुलांच्या पिशवीशेजारी, त्यामुळे वास ओळखीचा.
वर चिठ्ठी: बाबा, आधी वाचा, मग बोला.

आठवा वाचला. बोलतो.

बाराव्या पानावर उत्तर येतं.
बाराव्या!
अहो, निदान शंभर पानं तरी बसवायचं होतंत तिला
त्या फाटक्या खुर्चीत.
'मचवा' यानाचा तो कुरकुरणारा दरवाजा,
सात भागांत कुणी तेल घातलं नाही त्याला,
आता आपोआप सरकतो
आणि नमस्कार म्हणतो.
भोपळ्याला वाचा फुटलीय.
भोपळा म्हणजे तो गोल, मुका यंत्रमानव,
जो नुसता वळायचा,
आणि कुठल्या बाजूने वळला त्यावरून
आम्हाला कळायचं, आज रुसलाय.
तो आता विनोद करतो. पानाला दोन.
काळ्या चंद्रावरच्या ओल्या पावलांचं कोडं
नकाशासकट सोडवून दिलंय,
जसं आमचे सेफ्टीवाले दर सोमवारी
आम्हाला समजावतात, आग म्हणजे काय.

एक मात्र कबूल.
त्र्याण्णव पानावर इंदुमती
संपत आलेलं मीठ बोटाला लावून चाखते
आणि डबा पुन्हा घट्ट बंद करते, रिकामाच.
हे मास्तरांना सुचलं नसतं.
मास्तरांच्या यानात जेवण कधी संपलंच नाही.
ते पान मी दुमडून ठेवलंय.

शुक्रवारी हे सगळं निशूला फोनवर ऐकवलं.
वीस मिनिटं. कडक चहाचा कप हातातच निवला.
म्हटलं, वाट बघणं हीच तर गोष्ट होती गं,
उत्तर दिलं की उरलं काय?
इथे आलो तेव्हापासून मला इंदुमती कळते.
लांब, एकटी, कानाला रेडिओ.

ती थांबली जराशी.
मग म्हणाली, बाबा, तुम्ही कुठले इंदुमती?
इंदुमती मी होते.
दोन रियालच्या कार्डावर तुम्ही मला
हीच पुस्तकं वाचून दाखवायचात,
आणि यान नेमकं वादळात शिरलं
की कार्ड संपायचं.
मी रिसीव्हर धरून बसायचे.
हॅलो, मी ऐकतेय, हॅलो.
आई म्हणायची, ठेव आता, बाबा गेले झोपायला.
सात दिवस वादळ.
मला तर बारावं पानही
उशिराच वाटलं.

खिडकीच्या काचेवर बाहेरून घाम धरला होता.
बंदरातल्या क्रेनचे दिवे त्यात फुटून
नुसते लाल डाग.
काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो,
पण भोपळ्याला बोलतं करायला नको होतं.

हां, ती म्हणाली, ते मात्र खरं.

मग दोघंही गप्प.
लाइन चालूच होती.
हल्ली कार्ड संपत नाही.