डावं मागचं चाक

मे महिन्याच्या नऊ तारखेला, कामठी रोडवर,
दिवा लागला.
पिवळा. तळाशी दातेरी वाटी,
वाटीत उभं एक उद्गारचिन्ह.
यशोधरा म्हणाली, काहीतरी उकळतंय वाटते.
मी म्हटलं, नागपुरात या दिवसांत काय उकळत नाही?

पंपावरच्या पोरानं हवा तपासली
दुपारी तीनला, डांबर चपलेला चिकटत असताना.
अडतीस, म्हणाला, जास्त आहे काका, सोडतो.
सुर्रकन सोडली.
सकाळी पाहिलं तर सत्तावीस.
तापल्या टायराची हवा मोजू नये
हे मला साठीत कळलं. पहाटे जाऊन पुन्हा भरली.
दिवा होता तिथंच.

शेजारचे रंगारी म्हणाले, बॅटरीची वायर काढा दहा मिनिटं.
काढली. घड्याळ बारावर जाऊन बसलं,
रेडिओ सगळी स्टेशनं विसरला,
दिवा तेवढा विसरला नाही.
मेव्हणा म्हणाला, काळी पट्टी चिकटवा वरून.
चिकटवली.
रात्री पट्टीच्या कडेतून उजेड झिरपायचा
आणि यशोधरा रस्ता सोडून तिथंच बघायची.

शेवटी इंदोरा चौकाच्या अलीकडे, हेडाऊचं दुकान.
दुकान म्हणजे कूलर, जॅक,
आणि टायरांच्या चळतीवर झोपलेली मांजर.
त्यानं बॉनेट उघडलं नाही, चाकाला लाथ मारली नाही.
विचारलं, 'चाबी फिरवली का लुकलुकते?'
'हो. मिनिटभर. मग स्थिर.'
'मंग हवा नाही कमी, काका. हवा कमी असती तं
सरळ लागला असता. लुकलुकला म्हणजे
मशीन सोताचीच तक्रार करून राह्यली.'

रिमोटएवढं यंत्र घेऊन तो उकिडवा बसला,
एकेका व्हॉल्व्हपाशी धरत गेला.
पुढचं डावं: तेहतीस.
पुढचं उजवं: तेहतीस.
मागचं उजवं: बत्तीस, जरा उशिरा, घसा खाकरून.
मागचं डावं.
त्यानं यंत्र पुन्हा धरलं. चाक अर्धं फिरवलं. पुन्हा.
कूलरचं पाणी टपटपत होतं.
मांजरीनं कूस बदलली.

'गेला,' हेडाऊ म्हणाला.
'आतला सेल संपला. आठ वर्षं चालला, लय झालं.'
मग साधा गेज लावला: तेहतीस.
हवा होती. सांगणारा नव्हता.

मला पाचपावलीतलं एक घर आठवलं.
एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले, उन्हात, दारोदार,
आणि त्या घराची चकती तीन महिने हलली नव्हती.
वहीत लिहून झालं होतं: घर बंद.
तेवढ्यात आतून फोडणीचा वास आला,
लहान पोर रडलं,
आणि एका बाईनं विचारलं, पाणी पिता का?
पाणी प्यालो. 'घर' खोडून 'मीटर' लिहिलं.
त्या एका शब्दाच्या फरकासाठी मला पगार मिळायचा,
हे निवृत्तीच्या दिवशी बोलायला हवं होतं.
बोललो नाही. लाडू खाल्ला, शाल घेतली.

नव्या सेन्सरचे अठ्ठावीसशे, वर टायर काढायची मजुरी.
'पेन्शन झाली की येतो,' म्हटलं.
'मंग तोवर हे ठेवा,' म्हणून त्यानं गेज दिला,
दोनशे रुपये, वहीत मांडून.

आता पहाटे साडेपाचला, टायर गार असताना,
मी खाली उतरतो. डायरी, पेन, चष्मा.
चार चाकांपाशी चारदा गुडघे टेकतो,
डाव्या मागच्यापाशी जरा जास्त वेळ.
गेज टेकवताना फुस्स, मग चूप.
तेहतीस. लिहितो. तारीख. सहीपण करतो, सवय.
पहिल्या मजल्यावरच्या सहारे बाई
बाल्कनीतून बघतात आणि घरात सांगतात
की काका हल्ली गाडीच्या पाया पडतात.

दोन पेन्शनी होऊन गेल्या.
काळी पट्टी मी काढून टाकली.
चाबी फिरवली की तो मिनिटभर लुकलुकतो,
आणि यशोधरा पदर सावरत त्याला म्हणते,
हो रे बाप्पा, समजलं.