मिळकतीचे वर्णन

सिव्हिल लाइन्समध्ये निबंधक कचेरीच्या भिंतीशी
माझं टेबल. टेबल जंगम, भिंत स्थावर.
भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचं
मला एकोणीस वर्षांत नीट कळलेलं नाही.
त्यावर मी छत्री अडकवतो.

कायदा सांगतो ते असं:
जमिनीत रुजलं ते स्थावर.
जमिनीत बसवलं ते स्थावर,
आणि बसवलेल्याला कायमचं जोडलं, तेही.
उभं पीक नाही. गवत नाही.
काटोलचा एक बागवाला यावर रुसला होता,
संत्र्याचं झाड स्थावर, मग फळ जंगम कसं?
मी म्हटलं, भाऊ, मुलं कुठं असतात तुमची?
पुण्याला, म्हणाला,
आणि सही केली.

मंगळवारी तांडापेठेतून यमुनाबाई धकाते आल्या.
घेणारा सोबत, त्याला मोजमाप तोंडपाठ.
मी लिहीत गेलो: पूर्वेस हेडाऊ यांचे घर,
पश्चिमेस बोळ, उत्तरेस सार्वजनिक नळ...
"नळ गेला न बाप्पा, बारा वर्सं झाली.
पण लिहा. सारे अजून नळच म्हणते."
दक्षिणेस रस्ता.
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह.
तृण कायद्यात बसत नाही, खतात बसतं,
माझ्या आधीच्याच्या आधीपासून. मी काढत नाही.

"आन् खड्डा?"
कोणता खड्डा?
"मागाचा."

माग केव्हाच गेला होता.
लाकूड भंगारात, किलोवर. फणी कुणीतरी मागून नेली.
"एकेचाळीस वर्सं त्यायचे पाय होते त्याच्यात,
गुडघ्यापरेंत. वर लुगड्याचा काठ चाले,
खाली पावड्या.
आता फळी टाकली हाये. थंडीत फळी काढतो,
अन् पाय सोडून बसतो मी.
भुईची ऊब असते."

पेन थांबलं.
माग सुटा होतो, म्हणून जंगम धरता येईल.
घरासाठी बसवला होता की विणण्यासाठी,
कोर्ट असं विचारतं, आणि ते बरोबरच विचारतं.
पण खड्डा कशालाच जोडलेला नसतो.
खड्डा म्हणजे तेवढी जमीन नसणं.
नसलेली जमीन जमिनीत धरायची का,
हे कुठल्या कलमात आहे
मला आठवेना.

घेणारा म्हणाला, बुजवूनच टाकणार आहे मी, टाइल लावायच्या.
"बुजवा ना. बुजवू नका कोन म्हनते?
लिहाले काय जाते?"

लिहिलं.
दक्षिणेकडील खोलीत, उंबऱ्यापासून चार हातांवर,
लांबी तीन फूट, रुंदी दोन, खोली अडीच,
खड्डा एक.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मूल्यांकन?
शून्य, साहेब.
मुद्रांकात फरक नाही ना पडत?
नाही पडत.
मग असू द्या.

यंत्रावर बाईंचा अंगठा उमटेना.
ओल्या फडक्यानं पुसला, पदरानं पुसला,
ऑपरेटर पोरगी म्हणाली, आजी, दाबा जरा.
सुतानं रेघा खाल्लेल्या,
किती दाबणार.
पाचव्या खेपेला यंत्रानं घेतला,
कंटाळून असेल.

पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून
त्यांनी पिशवीतून काहीतरी काढून ठेवलं होतं माझ्या टेबलावर.
धोटा. शिसवी, दोन्ही टोकांना गुळगुळीत,
मधल्या पोकळीत लाल रेशमाचा
बोटभर तुकडा अडकलेला.

जाताना उचलला, आणि माझ्यापुढं धरला.
"हा तं नाही ना त्याच्यात?"
नाही, बाई. हा तुमच्यासोबत येतो.
घेणारा रजिस्टरात सही करत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

धोटा पिशवीत गेला, मेथीच्या जुडीखाली.
मग फाटकाशी त्यांचा आवाज ऐकू येत राहिला,
हिंगण्याले, लेकीकडे,
किती घेतं?
नाही, मीटरनं चल.