बारावी मेख

मी कॅम्पातला. बेळगावात कॅम्प म्हणजे
लष्कराची वस्ती, जुनी झाडं, सकाळी सहाचं बिगुल.
त्याच्या कडेला माझं दुकान:
ताडपत्र्या, ट्रकचे हूड, मांडवाच्या झालरी
आणि वर्षाकाठी एखादा तंबू.
एकतीस वर्षं तंबू शिवले,
झोपलो मात्र एकातही नाही.

मार्चात इनास लोबो आला. खानापूरचा,
बावीस वर्षं जहाजावर कुक.
"दोघांचा शिव, मास्तर. पाण्याकाठी लावायचा."
कुठल्या पाण्याकाठी? गोव्याच्या?
तर कात्रीशी चाळा करत
ग्रीसचं सांगायला लागला.

तिथं म्हणे डांबर संपतं, मग शेळ्यांची वाट,
मग तीही नाही.
चपला हातात घेऊन काट्यांतून उतरायचं,
खाली पांढऱ्या गोट्यांची चंद्रकोर,
सुरूसारखं एक झाड,
आणि पाणी? "शाईत चुन्याची निवळी ओत, तसलं."
जहाज दुरुस्तीला लागलं तेव्हा एक रात्र झोपला होता.
"कुणी आलं नाही की रे, कुणीसुद्धा.
सकाळी वाळूत पावलं दिसली, दचकलो. माझीच."

मी माप घेतलं. सात बाय पाच, मध्ये साडेतीन.
समुद्र त्यात धरला नव्हता.

मेमध्ये हिडकलच्या फुगवट्याला गेलो, त्याच्या एम-एटीवर.
हत्तरगीला चहा, पुढे डांबर संपलं,
उसाच्या गाड्यांची चाकोरी, मग मेंढरांची वाट,
मग तीही नाही.
इनास काही बोलेना. चपला काढल्या त्यानं.

खाली किनारा.
राखाडी, गुळगुळीत, शंखल्यांनी भरलेला.
उतरत गेलेल्या पाण्याच्या रेघा टेकडीवर,
टेपावरच्या इंचांसारख्या.
एक पाणकावळा पंख वाळवत होता,
दुसरं माणूस नाही, पिशवी नाही, बाटली नाही.
"हेच की रे!" इनास ओरडला,
आणि पलीकडून त्याचाच आवाज परत आला.

तिसऱ्या मेखेला दगड लागला.
वीतभर सरकलो. दगड.
आणखी वीतभर. दगडच, सरळ रेघेत.
सरळ रेघ आपोआप पडत नाही,
शिंप्याला एवढं कळतं.

तेवढ्यात टोपलीहोडीतून दुंडाप्पा अंबिगेर.
"एनरी, इल्ले मलगतीरेन?" म्हणाला, आणि हसत सुटला.
मग मराठीत:
"डोस्कं सोप्यात हाय तुमचं, पाय न्हाणीत.
मलप्पा बडगेरचं घर हे.
धा म्हयने पाण्यात, दोन म्हयने वर.
कोण येतंय? म्हणून तर असं लख्ख.
तिकडं अंधारात जाऊ नका बरं का, हीर उघडी हाय."
दोन मासे टाकले, पैसे घेतले नाहीत.

मेखा उपटून आम्ही गल्लीत आलो.
गल्लीत झोपलेलं बरं,
वाटलं तर घरचे आत तरी बोलावतील.

इनासनं मासे भाजले. मीठ विसरला,
जहाजावर कधी विसरला नसेल.
खूप वेळानं म्हणाला,
"त्या गोट्यांच्या खाली पण असंल का रे कुणाचं?"
मला काय माहीत. मला कापड माहीत.

आडवा झालो. आपलीच शिवण पहिल्यांदा आतून पाहिली.
सुईच्या प्रत्येक भोकातून एकेक ठिपका उजेड येत होता.
बाहेर पाणी
कुणी उंबऱ्याशी पाय धुतंय तसं
चुबूक, चुबूक.

सकाळी मेखा मोजल्या. अकरा.
बारावी बडगेरांच्या दगडांत अशी रुतलेली
की इनासनं दोनदा ओढली आणि सोडून दिली.

आता पोरं येतात दुकानात, हलका तंबू मागतात,
मास्तर, एखादी जागा सांगा की, म्हणतात.
मी टेप उघडतो, उंची विचारतो.
ऑगस्टात पाऊस ताडपत्रीवर वाजायला लागला
की कधी कधी तिची आठवण होते:
पाणी न्हाणीतून सोप्यात, सोप्यातून आढ्याच्या उंचीवर
आणि तिथं खाली ती एकटी,
ताठ,
काहीच न बांधता.