हाताळणी

मोबाईलवर तव्याच्या फोटोखाली बारीक अक्षरात लिहिलंय:
कुरिअरने नव्वद रुपये.
स्वतः येऊन नेल्यास हाताळणी, तीस.

हे तीस माझ्या मुलाने लावले.
मुलगा पुण्यात, तवे सांगलीत,
शंभर फुटी रोडमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
माझ्या पलंगाखाली.
कुपवाडच्या फाउंड्रीतले, बिडाचे,
तेल चोपडून जुन्या पेपरात निजवलेले.

पार्सलच्या खिडकीत तेहतीस वर्षं काढली मी.
अंतराला पैसे पडतात हे मला कुणी शिकवू नये.
पण जो माणूस ते अंतर स्वतःच तुडवत आला
त्याच्याकडून कसले घ्यायचे?
असं मी फोनवर म्हणालो.
मुलगा म्हणाला, पप्पा,
तुमच्या वेळेला काहीच किंमत नाही का?

असं विचारलं की माणूस गप्प बसतो.

आणि खोटं कशाला बोलू, तीसला कारणंही आहेत.
अकराला येतो म्हणणारे अडीचला बेल मारतात,
डोळा नुकता लागलेला असतो.
एक जण इस्लामपुरातून निघालोय म्हणाला,
गेल्या महिन्यात. अजून वाटेवरच आहे.
कुणी सात तवे काढायला लावतं,
आठव्याचा फोटो घेतं,
घरात विचारून सांगतो म्हणतं.
वाकताना माझी कंबर बोलते, ती कुणाच्या बिलात धरायची?

बुधवारी बुधगावच्या मुमताज शिकलगार आल्या.
वडापने. दाराशी चपला काढल्या,
आधी पाणी मागितलं, मग विचारलं,
"हाताळणी म्हंजे कुणाच्या हातांची वो?"

म्हटलं, तवा काढायचा, पुसायचा, बांधायचा…
"पुसू नका. बांधू बी नका, पिशवी हाय माझी.
येताना वीस दिलं, जाताना वीस देणार,
तुमच्या दारापातूर रस्ता मीच आणला की.
ह्यात तुमचं तीस कुठं बसत्यात, तेवढं सांगा."

खिडकीत असतो तर नियमाचं पुस्तक दाखवलं असतं.
इथे पुस्तक नाही. मुलगा आहे,
आणि त्याचा फोन बिझी.

दहाच्या तीन नोटा त्यांनी स्टुलावर ठेवल्या.
"घ्या. पण आता पैसं दिल्यात, तर बघून घेणार."

पदर खोचून फरशीवर बसल्या.
अकराच्या अकरा तवे काढायला लावले मला.
एकेक उचलून, मुठीत दांडा हलका धरून,
बोटाच्या पेराने ठोकला.
टण्.
टण्.
टण्. पेपरातल्या बातम्या गळत होत्या, तेलकट.
सहावा तवा म्हणाला, थप्प.

"ह्यो गेलाय."
मला चष्म्यातून दिसेना. त्यांनी नख फिरवलं,
केसाएवढी चीर, दांड्यापासून मध्यापर्यंत.
त्याच्याच पेपरावर माझ्या वळणदार अक्षरात
कोरेगावच्या कुणा बाईंचा पत्ता होता,
उद्या सकाळचं कुरिअर.
जायचे नव्वद, परत यायचे नव्वद,
वर नवा तवा, वर त्या बाईंचे चार शब्द.
हिशेब मी तोंडाने केला नाही.
त्यांनी तो ऐकला असावा.

नववा तवा पिशवीत घातला.
निम्मा जिना उतरून गेल्यावर वरती बघून म्हणाल्या,
"वाजवून दिल्याचं मी काय लावलं न्हाई हं!"

नोटा स्टुलावरच होत्या.
सवयीने उचलून पार्सलच्या काट्यावर ठेवल्या.
काट्याने दोन ग्रॅम दाखवले,
मग विचार बदलून शून्य.

संध्याकाळी मुलाचा फोन,
आज पिकअप होता ना, तीस घेतले?
ठेवलेत, म्हणालो.
घेतले असं काही म्हणालो नाही.

रात्री झोप येईना.
उरलेले तवे पुन्हा ओढून काढले, फरशीवर मांडी घातली
आणि पेराने एकेक वाजवत बसलो.
अर्ध्या तासाने खालच्या मजल्यावरचे उपाध्ये
बनियनवरच वर आले:
आवटी, सगळं ठीक आहे ना?
आज कसली आरती?