हिल्डा

एप्रिलात अकरा पिल्लं निघाली.
आमच्या आइसलंडी कोंबड्यांत एकीचा रंग दुसरीला नाही,
त्यामुळे नर की मादी, विचारूच नका.

सहाव्या आठवड्यात त्या करड्या पिल्लाचा तुरा लालबुंद झाला,
मग शेपटीच्या बुडाशी टोकदार पिसं.
मला कळलं.
थोरगिल्सनं मात्र
त्याला हिल्डा म्हणायचं सोडलं नाही.

आरवला की रस्सा, हा घरचा नियम.
"पण आता रात्रच होत नाही आजी,
मग पहाट झाली हे तिला कळणार कसं?"

जूनचा उजेड, तीन वाजलेले.
लाव्हाच्या कुंपणावरून एक फाटका आवाज आला
आणि लगेच वरच्या खोलीत पोरगं
खोकायला लागलं,
खोटं खोटं, जोरजोरात.

मी कूस बदलली.
सकाळी दगडफुलाचा कडू काढा दिला त्याला,
खोकल्यावर.