सुट्टे पैसे

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट सुटते तेव्हा
गनी सारंग दोरखंडाशेजारी उभे असतात.
पलीकडे उतरत नाहीत.
त्याच फेरीने परत येतात.
ब्याऐंशी वय, लुंगी, वर इस्त्रीचा पांढरा सदरा,
आणि खाडीकडे असं बघणं
की जणू तिची हजेरी घ्यायची आहे.

मी तिकिटं फाडतो.
टेम्पो, दुचाकी, माणूस, बकरी.
बकरीचा दर बोर्डावर नाही, तो मी ठरवतो.

"खाडीतल्या त्या तुकड्याला जुवा म्हणतोस ना?"
एकदा ते म्हणाले,
"असे बाराशे जुवे एका दोऱ्यात ओवले
आणि माळ तुटून समुद्रात पडली.
तो मालदीव."
पाच खेपा केल्या होत्या त्यांनी,
जाताना कौलं, कांदे,
येताना काथ्या, आणि सुका मासा,
लाकूड परवडलं असा टणक.

"डोंगर कसले तिथे?" मी विचारलं.
"डोंगर नाही. नदी नाही.
सगळ्यात उंच जागा
माझ्या डोक्यावर दोन विटा.
तिथल्या पोरांना चढ म्हणजे माड.
उतार म्हणजे तोच माड."

माझं घर पहिला गिअर टाकल्याशिवाय येत नाही.
त्या सपाट देशाने मला दोन रात्री झोपू दिलं नाही.

फिरंगी दोन्हीकडे आले.
इथे दाभोळ जाळलं, तिथे गादीवर बसले.
"मग होडीतून तीन भाऊ निघाले," सारंग सांगतात,
"रात्री लढायचे, दिवसा लपायचे."
असं सांगतात, जणू ते तिघे अंजनवेलचे
आणि त्यांच्या आईला हे ओळखतात.

कवड्यांचं मात्र हळू आवाजात सांगितलं.
माडाची झावळी उथळ पाण्यात सोडायची,
कवड्या येऊन चिकटतात.
झावळी ओढायची, कवड्या वाळूत पुरायच्या
आतला जीव कुजून जाईपर्यंत.
उरतो तो पैसा.
जहाजाच्या तळात नीरम म्हणून भरायचा,
बंगालात रिकामा करून तांदूळ घ्यायचा.
आणि आपण?
जोगतिणीच्या गळ्यात, बैलाच्या कपाळावर,
सारीपाटावर,
तोंडात.

तोंडात, खरंच.
बापाने खालची दळी विकली तेव्हा
सगळी वाडी म्हणाली, कवडीमोलाने दिलीस.
कुठल्या कवडीच्या?
आख्खा एक देश
गुडघाभर पाण्यात उभा राहून
आपल्या म्हणी भरत होता
आणि आपण त्याचं नाव विचारलं नाही.

गेल्या भाद्रपदात उधाणाने खारबांध फुटला.
विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना.
सारंग काठी टेकत आले, ओंजळभर प्यायले,
गिळलं, थुंकले नाहीत.
"ही चव मला ठाऊक आहे," म्हणाले.
"तिथे एका बेटावर अशीच लागली होती.
पुढच्या खेपेला गेलो तर
मशिदीत दिवा होता, माणसं नव्हती."
मग बराच वेळ
विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ नखाने काढत बसले.

काल फेरीवर त्यांनी खिसे चाचपले.
"सुट्टे नाहीत रे."
राहू द्या, मी म्हणणार होतो,
त्याआधीच माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं,
पिवळट, गुळगुळीत,
बोटाच्या पेराएवढं,
पोटाला बारीक दात.
"चालतं का बघ."
मी तिकीट फाडलं.

संध्याकाळी मयेकरांनी गल्ला मोजला.
एका माणसाचे पैसे कमी.
कमी नाहीत, म्हणालो,
आणि टेबलावर ठेवली.
मयेकरांनी चष्मा वर केला,
ती उचलली, उलटी केली, उजेडात धरली,
फुटकी तर नाही ना ते बघायला.