सात दहाचं पाणी

आईच्या फोनला वरच्या कोपऱ्यात तडा गेलाय,
गजर मात्र शाबूत.
रोज संध्याकाळी सात दहाला वाजतो,
पडद्यावर एकच शब्द: पाणी.

नायगावच्या चाळीत सात दहाला पाणी यायचं.
इथे कन्नमवार नगरात, मावशीकडे, चोवीस तास आहे.
तरी मी तो बंद करत नाही.

महापालिकेच्या अभ्यासिकेत भिंतीवर तीनदा लिहिलंय,
आवाज करू नये.
पहिल्या दिवशी वाजला तेव्हा सगळ्या माना वळल्या.
शर्वाणी म्हणाली, "सायलेंटवर टाक ना रे."
मी एकच ओळ अधोरेखित करत राहिलो
कागद फाटेपर्यंत.
तिसऱ्या दिवशी एल्टन हसला,
"याच्याकडे टँकर येतो वाटतं."

मग कधीतरी, नेमकं कधी ते आठवत नाही,
सात दहा हीच त्यांची चहाची वेळ झाली.
गजर झाला की सुमय्या पुस्तकात पट्टी घालायची,
"चला, पाणी आलं."
पायऱ्यांवर ते तिघं, एक पायरी सोडून मी.
माझा कटिंग निवत राहायचा, साय धरायची.
एल्टन ती बोटाने काढून टाकायचा
न विचारता.

मार्चमध्ये फोन मेला. बॅटरी फुगलेली.
तो काळा पडदा मांडीवर घेऊन बसलो,
समोर प्रमेय,
घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून.
सुमय्याने मान वर केली.
सात अकरा झाले होते.
"आज पाणी नाही आलं?"

नळाला पाणी यायच्या आधी
नुसती हवा येते ना, फुसफुस, खरखर,
मग थोडं गढूळ,
तसं काहीतरी घशात.
"आईचा फोन होता," मी म्हटलं. "आहे."
पुढचं पायऱ्यांवर, तुटक तुटक:
ती कळशी काठोकाठ भरू द्यायची नाही,
जिन्यात सांडते म्हणून.
केईएममध्येसुद्धा तिने विचारलं होतं, भरलंस का रे?
मी हो म्हटलं.
नळ उघडलाच नव्हता त्या दिवशी.

कोणी काही बोललं नाही.
चार ग्लासांवर साय धरली.
शर्वाणीने स्वतःचा फोन काढला,
सात दहा, आणि नावाच्या जागी
मला न विचारता लिहिलं: पाणी.

दुसऱ्या दिवशी तो दोन मिनिटं आधीच वाजला.
तिच्या फोनचं घड्याळ पुढे आहे.
मी सांगितलं तिला, ती ऐकेना.
इतके भांडलो की
शिपायाने दोघांनाही बाहेर काढलं.